रिकामा खिळा

सुपडाभाऊंची आणि माझी ओळख भांडणातून झाली, आणि भांडणाला निमित्त झालं माझ्या फिकट निळ्या साडीचं.

वडनेर भोलजीच्या शाळेत बदली झाली तेव्हा मी चिखलीहून एकटीच आले होते. हे आणि मुलगी चिखलीतच राहणार, मी शनिवारी दुपारी जायचं आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत यायचं, असं ठरलं होतं. खोली मिळाली ती एका सुताराच्या घराशेजारी. मध्ये एकच सामायिक अंगण. तिसऱ्या दिवशी अंगणातल्या तारेवर वाळलेली साडी नेसून शाळेत गेले आणि दुसऱ्या तासाला अशी खाज सुटली की फळ्यावर अपूर्णांक लिहिता लिहिता मी खडूनंच मान खाजवायला लागले. सातवीचा वर्ग आधी हसला, मग घाबरला. घरी आले ती तणतणत. शेजारी अंगणात बसले होते. नाकाला ओला दुपट्टा बांधलेला, पुढ्यात पाण्याचं घमेलं, आणि एक काळी कुळकुळीत पट्टी ते पॉलिश पेपरवर घासत होते.

"काय उडवता हो तुम्ही हे? माझ्या साडीचं काय केलंत बघा!"

त्यांनी दुपट्टा खाली ओढला. साठीच्या आसपासचा, हडकुळा माणूस. अंगात बंडी, कानावर पेन्सिल, चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली.

"म्या नाई उडवत, मॅडम. उडवनारे दुसरे हायेत. म्या फक्त बनवतो."

माझी थट्टा चालली आहे असं वाटून मी आणखी भडकले. पुढं पंधरा-वीस दिवसांनी कळलं की ते अगदी अक्षरशः खरं बोलले होते.

"कार्बनचा धागा हाय तो," ते शांतपणे म्हणाले. "आंगाले लागला का खाजते. साडी पान्यात नुस्ती हालवून काढा. चोयू नका. चोयली का आत घुसते."

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर माझी तार अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेलेली, नवीन बांबू रोवून पक्की ताणलेली. त्या दिवसापासून सुपडाभाऊ कामाला बसण्याआधी चिमूटभर माती उचलून बोटांतून सोडायचे, ती कुठं जाते ते पाहायचे आणि वारा माझ्या तारेकडे जाणार नाही अशा बाजूला घमेलं उचलून नेऊन बसायचे. मी तिथं होते तोवर हे एकदाही चुकलं नाही. रविवारी मी गावात नसायची आणि तार रिकामी असायची, तेव्हाही ते असंच करतात, हे मला पलीकडच्या घरातल्या बाईनं हसत हसत सांगितलं.

ते बनवायचे ती ड्रोनची फ्रेम. लग्नात फोटो काढायला येतं ते ड्रोन नव्हे. हे लहान असतं, ताटाएवढं, आणि मोटरसायकलच्या वरताण पळतं. उडवणारा डोळ्यांना एक बंद चष्मा लावतो. ड्रोनवरच्या कॅमेऱ्याला दिसतं ते त्या चष्म्यात दिसतं, म्हणजे माणूस जमिनीवर खुर्चीत आणि नजर आभाळात. झाडांच्या फांद्यांमधून, पडक्या इमारतींच्या खिडक्यांमधून ही मंडळी ते पळवतात आणि रोज कुठं ना कुठं आदळतात. मोटारी, बॅटरी, कॅमेरा हे सगळं ज्या सांगाड्यावर बसवतात तो कार्बन फायबरचा असतो, आणि असा सांगाडा बनवणारा एक माणूस वडनेर भोलजीत एका सुताराच्या पडवीत बसलेला आहे, हे कोची ते लुधियाना त्या सगळ्या उडवणाऱ्यांना माहीत होतं. वडनेरात मात्र फारसं कुणाला माहीत नव्हतं. गावाच्या लेखी सुपडाभाऊ म्हणजे काम गेलेला सुतार आणि काहीतरी काळं घासत बसणारा माणूस.

काम गेलं ते खरंच होतं. त्यांच्या घरात तीन पिढ्या तिफणी बनत आल्या होत्या. पेरणीआधी दारात बैलगाड्यांची रांग लागायची म्हणे. मग ट्रॅक्टर आले, लोखंडी पेरणीयंत्रं आली आणि रांग संपली. शेवटची तिफण त्यांनी आढ्याला टांगून ठेवली होती. तिच्याकडे बोट दाखवून ते सांगायचे, "बाभूय हाय. अजूनबी वाजते पाहा." आणि खरंच काठीनं ती वाजवून दाखवायचे.

वाजवून पाहणं ही त्यांची खोडच होती. कुठलीही वस्तू हातात आली की आधी नखानं टिचकी, मग कान. फ्रेमेची नवी दांडी कापून झाली की कानाजवळ धरून टिचकी मारायचे. 'टण्' वाजलं तर ठीक, 'भद्' वाजलं तर आतला थर सुटलाय म्हणून बाजूला. मी शेगावहून कचोरी आणली तर तिलासुद्धा टिचकी. एकदा मला ताप होता तेव्हा दारावर टकटक करून म्हणाले, "मॅडम, तुमचं दार आज वेगळं वाजून राह्यलं. आतून कडी नाई लावली का?" खरंच लावलेली नव्हती.

'सुपडा' हे नाव मला आमच्याकडे फारसं ऐकू आलेलं नव्हतं, म्हणून एकदा विचारलं. त्यांच्या आधी चार भावंडं झाली आणि चारही गेली. मग हे जन्मले तेव्हा आजीनं त्यांना सुपात घातलं आणि धान्य पाखडतात तसं हलकेच हलवलं. हे टाकाऊ आहे, याला नेऊ नको, असं देवाला सांगायची ती रीत.

"देवानं आयकलं," सुपडाभाऊ म्हणाले. "असं आयकलं का मंग कोनीच आलं नाई. ना आधीचं, ना मांगचं. म्या एकटाच पडलो सुपात."

हे ते हसत म्हणाले. मी पण हसले. पण त्या दिवशी माझी भाजी करपली, कारण मी चुलीपाशी उभी राहून त्याच वाक्याचा विचार करत होते.

त्यांची बायको मुलगा दहावीत असताना गेली. मुलगा मंगेश. घरात दोन पुरुष, दोघंही मुखदुर्बळ. जेवायला बसले की भाकरी मोडल्याचा तेवढा आवाज, असं सुपडाभाऊ स्वतःच सांगायचे. मंगेश शेगावला इंजिनिअरिंगला गेला आणि एका सुट्टीत मोडलेलं ड्रोन पिशवीत घालून घरी आला. चारातला एक हात तुटला होता. टोकाला मोटारी बसतात त्या चार दांड्यांना ते हातच म्हणतात, आणि वरच्या पट्टीला पाठ.

"बाबा, असा हात तुम्ही बनवसान का? बाहेरून मागवला तं महिना लागते."

सुपडाभाऊंनी आधी सागवानाचा बनवला. उडाला, पण थरथरला. मग मंगेशनं कुठून तरी कार्बनचा पत्रा आणला. तो सुपडाभाऊंनी उन्हात धरला, तिरपा करून पाहिला, आणि दुकानातल्या फ्रेमची खोट त्यांना पहिल्या पाच मिनिटांत सापडली. ती फ्रेम एकाच पत्र्यातून चौफुलीसारखी कापलेली होती. पत्र्यातला धागा उभा-आडवा विणलेला आणि हात तिरपे. म्हणजे चारांपैकी एकाही हाताच्या लांबीला धागा सरळ जात नव्हता.

"लाकूड असं तिरपं कापून तिफनीची दांडी कोनी बनवते का?" हे सांगताना त्यांना दर वेळी नव्यानं राग यायचा. "येवढे शिकलेले लोकं, आन धागा नाई पाह्यला!"

त्यांनी चारही हात वेगवेगळे कापले, प्रत्येकाचा धागा लांबीला धरून, आणि मध्ये जोड दिला. नमुना कापला तो जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यावर. पुढंही ते कुठलीही नवी फ्रेम आधी लग्नपत्रिकेत कापायचे, डोळ्याला पटली की मगच कॉम्प्युटरवर एका बोटानं चढवायचे आणि मशीनला द्यायचे. पत्रा पाण्याखाली कापणारं ते छोटं मशीन मंगेशनंच बसवून दिलं होतं. गावातली सगळी लग्नं त्या फळीवर कापून पडलेली असायची, वर-वधूच्या नावांत भोकं पडलेली.

ती सुट्टी म्हणजे सुपडाभाऊंच्या आयुष्यातलं सोनं. बापलेक रोज सकाळी गावाबाहेरच्या पडीत जायचे. मंगेश चष्मा लावून खुर्चीत बसायचा, सुपडाभाऊ शेजारी उकिडवे. त्यांना एका डोळ्यानं कमी दिसायचं आणि तो चष्मा लावला की गरगरायचं, म्हणून ते नुसतं विचारायचे.

"काय दिसून राह्यलं?"

"कपाशी दिसते, बाबा. हायवे दिसते. आपलं घर दिसते."

"म्या दिसतो का?"

"हाव. दिसता न."

"कसा दिसतो?"

"लहान."

हा संवाद त्यांनी मला निदान दहा वेळा सांगितला असेल. दर वेळी 'लहान' या शब्दाशी थांबायचे, आणि हातातली पट्टी पालथी करून पुन्हा घासायला लागायचे. माझ्या पोरानं आयुष्यात माझ्याशी सगळ्यांत जास्त बोलणं त्या महिन्यात केलं, असं ते म्हणायचे.

मग मंगेशच्या मित्रांनी फ्रेमा मागितल्या, मित्रांच्या मित्रांनी मागितल्या, आणि पार्सलं नांदुऱ्याच्या कुरिअरला जायला लागली. मंगेशला पुण्यात नोकरी लागली. तो निघाला तेव्हा सुपडाभाऊंनी त्याच्यासाठी एक फ्रेम बनवली. पाच मिलीमीटर जाडीचे हात, कडा आरशासारख्या घासलेल्या. आणि त्याच दिवशी पडवीच्या भिंतीत एक खिळा ठोकला.

त्या भिंतीबद्दल आता सांगायलाच हवं. सुपडाभाऊंचा एक नियम होता. फ्रेमेचा हात मोडला तर मोडका तुकडा परत पाठवायचा, नवा हात फुकट मिळेल. मोडक्याचं काय करता असं लोक विचारायचे. ते तो वाचायचे. दाराशी उजेडात नेऊन, चष्मा कपाळावर चढवून, चांगल्या डोळ्याजवळ धरून. आणि मग भिंतीवर खिळा ठोकून तो टांगायचे. खाली लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूची चिठ्ठी. नाव, गाव आणि कशानं मोडला ते. 'जोजो, कोची. नारळ.' 'हरप्रीत, लुधियाना. विजेचा खांब.' 'अन्वर, मालेगाव. गच्चीचा कठडा.' 'रिया, शिलाँग. डोंगर.' भिंतभर काळे तुकडे, आणि त्यांच्याखाली ही देशभरची झाडं, खांब न् डोंगर.

या लोकांशी ते फोनवर अर्धा अर्धा तास बोलायचे, आणि हिंदी अशी की मी पलीकडे भाकरी थापता थापता हसायची. "आप झूट बोल रहे भाऊ. लँडिंग में नही मोडा. आपका तो झाड पे गया. साल का भुगा अंदर हाय!" पलीकडचा कबूल व्हायचा. मग कुठलं झाड, किती उंच, पान कसं, सगळी चौकशी. कोचीच्या जोजोच्या आईचं गुडघ्याचं दुखणंसुद्धा त्यांना माहीत होतं.

फसवणारा एकदाच भेटला. सुरतकडच्या कुणीतरी मोडका हात पाठवला आणि नवा मागितला. सुपडाभाऊंनी तो दाराशी नेला, एकदाच पालथा केला आणि मला हाक मारली.

"मॅडम, हे पाहा. शाळेत पोट्ट्यायले शिकवा हे."

मोडलेल्या जागेजवळ दोन्ही अंगांना एकेक बारीक सरळ रेघ होती, समोरासमोर.

"ह्या वाईसच्या खुना. लोखंडी जबड्यात धरला आन वाकवून मोडला. किती दम हाय पाहाले. पडून मोडलेला असा नसते. पडलेल्याच्या टोकाले मार राह्यते, माती राह्यते, आंगावर ओरखडे राह्यतात. हा पाहा कसा कोरा हाय. हा कदी उडलाच नाई."

त्यांनी सुरतवाल्याला नवा हात दिला नाही. भिंतीवरही टांगला नाही. "हातानं मोडलेल्याले म्या हात नाई देत," एवढं सांगून फोन ठेवला. इतके चिडलेले मी त्यांना परत कधी पाहिले नाहीत.

मंगेशचा खिळा दाराजवळ, सगळ्यांत आधी उजेड पडतो तिथं होता. खाली चिठ्ठीही लावून ठेवलेली होती, 'मंगेश, पुणे.' पुढची जागा मोकळी. आणि वर खिळा रिकामा.

मंगेशचा फोन रविवारी यायचा. माझं चिखलीला जाणं हुकलं की मला तो भिंतीपलीकडून ऐकू यायचा. "जेवला का? हाव. बरा हाय न? हाव. पानी आलं का तिकडं? बरं. ठेवू?" संपलं. पाणी तापायला जास्त वेळ लागतो.

एका उन्हाळ्यात उडवणाऱ्यांचा मेळावा पुण्यात भरला आणि सुपडाभाऊंना आग्रहाचं बोलावणं आलं. ते इस्त्रीचा सदरा घालून, पिशवीत चार नवे हात घेऊन नांदुऱ्याहून गाडीत बसले. ते चार हात मंगेशच्या फ्रेमेच्या मापाचे होते. चौथ्या दिवशी परत आले आणि मी चहा घेऊन गेले तेव्हा घमेल्यापाशी नुसतेच बसलेले होते.

"कसा झाला मेळावा?"

"मस्त. माह्या चौदा फ्रेमा उडत होत्या. आवाजावरून वयखल्या म्या." मग म्हणाले, "एका पोट्ट्यानं मले मंडपवाला समजून खुर्च्या मांगितल्या. देल्या म्या आनून."

"तुम्ही सांगितलं नाहीत?"

"कायले? नंतर त्यायले समजलं, मंग लय फोटो काढले. चष्माबी लावला माह्या डोयाले. म्या वकलो." यावर ते स्वतःशीच हसले. "येवढ्या वर्षांत म्या काय बनवून राह्यलो ते मले पाहाताच येत नाई, पाहा."

"आणि मंगेश?"

"त्याले सुट्टी नवती. टेशनवर आला होता, डबा घेऊन. आंगानं वायला जरासा." ते पाण्यात बोट फिरवत राहिले. "म्या इचारलं, फ्रेम कशी हाय? तं म्हने मस्त हाय बाबा, एकबी हात नाई मोडला. तीन वर्षांत एकबी नाई."

"म्हणजे बघा, तुमचं काम किती पक्कं!" मी उत्साहानं म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी वर्गात सोपं गणित चुकणाऱ्या मुलाकडे पाहते.

"मॅडम, जो उडवते त्याचं पडते. पडलं का कवा न कवा मोडते. तो उडवतच नाई. कपाटात ठेवली असंल." थोड्या वेळानं म्हणाले, "नाई तं नाई. पन मंग आमी बोलावं कायच्यावर?"

ते चार हात पिशवीतून काढून त्यांनी फळीवर ठेवले. मला त्यांची इतकी दया आली की त्या दयेपायी मी पुढचा शहाणपणा केला.

सुपडाभाऊंचा फोन एकदा मशीनच्या पाण्यात पडला होता, तेव्हा त्यांनी माझ्या फोनवरून मंगेशशी बोलणं केलं होतं. नंबर माझ्याकडे राहिला होता. एका दुपारी मधल्या सुट्टीत मी शाळेच्या मागच्या लिंबाखाली जाऊन तो लावला. मी कोण ते सांगितलं, भिंतीचं सांगितलं, रिकाम्या खिळ्याचं सांगितलं.

"मॅडम, मी इथं आल्यापासून एकदाबी नाही उडवलं," मंगेश म्हणाला. पुण्याची भाषा आणि घरची भाषा त्याच्या तोंडात एकमेकींना ढकलत होत्या. "सुरवातीले जागा नव्हती. मग वेळ नव्हता. आता मनच होत नाही. बाबाले कसं सांगू? त्यांनी तर पूर्ण आयुष्य त्याच्यात टाकलं. नका सांगू त्यांना."

"मी कशाला सांगते? पण एक मोडका हात तेवढा येऊ दे रे तुझा. सगळ्या जगाचे आहेत त्या भिंतीवर."

"बरं," तो म्हणाला.

मोडून पाठव, असं मी म्हणाले नाही. ते शब्द माझ्या तोंडून गेले नाहीत, हे मी स्वतःला नंतर खूपदा सांगितलं. पण न उडवलेल्या फ्रेमेचा मोडका हात दुसऱ्या कुठल्या मार्गानं येणार होता?

पार्सल आठव्या दिवशी आलं. शनिवार होता, मी चिखलीला निघायच्या गडबडीत. सुपडाभाऊंनी अंगणातून हाक मारली आणि तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

"मॅडम! मंगेशचं आलं!"

एरवी पार्सल ते पटाशीनं फाडायचे. हे त्यांनी नखानं चिकटपट्टी सोडवत सोडवत उघडलं. आत मोडका हात, दोन तुकडे, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. चिठ्ठी नव्हती. ते तो दाराशी घेऊन गेले, चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले.

"कशानं मोडला असेल हो?" मी विचारलं. माझं मलाच ते फार छान जमलं असं वाटलं.

"पडला असंल," ते म्हणाले. "उंचावरून."

मग त्यांनी दोन्ही तुकडे तारेनं जोडून बांधले आणि खिळ्यावर टांगले. मला जबरदस्तीनं चहा पाजला. माझी गाडी चुकली, मी पुढच्या गाडीनं गेले आणि खिडकीशी बसून चिखलीपर्यंत स्वतःवर खूश होते. घरी यांना सगळं रंगवून सांगितलं. यांनी विचारलं, "आणि त्या म्हाताऱ्याला कळलं नाही?" मी म्हटलं, "छे!" सुरतवाल्याची गोष्ट मला त्या वेळी आठवलीसुद्धा नाही. इतकी मी माझ्या चांगुलपणात बुडालेली होते.

दोन महिन्यांनी माझी परत चिखलीकडे बदली झाली. निघायच्या सकाळी टेम्पोत सामान चढत होतं आणि मी निरोप घ्यायला पडवीत गेले. सुपडाभाऊ मशीनपाशी होते, कोपरापर्यंत काळे.

"बसा, हात धुऊन येतो."

मी बसले नाही. सवयीनं भिंत वाचत राहिले. दोन-तीन नवे तुकडे आले होते. जोजोचा आणखी एक, पुन्हा नारळच. वाचत वाचत दाराशी आले. मंगेशच्या चिठ्ठीतली मोकळी जागा भरलेली होती. त्यांच्या त्या सुतारी, ठासून काढलेल्या अक्षरात लिहिलं होतं:

'मंगेश, पुणे. हातानं.'

मी तो तुकडा खिळ्यावरून काढला आणि उजेडात धरला. मोडलेल्या जागेजवळ दोन्ही अंगांना एकेक बारीक सरळ रेघ होती, समोरासमोर. टोकाला मार नाही, माती नाही, अंगावर एक ओरखडा नाही.

ते मागं येऊन उभे राहिले, दुपट्ट्याला हात पुसत. मला वळून बघायची लाज वाटली.

"भाऊ, मी... मला वाटलं..."

"असू द्या."

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"हातात घेतला तवाच." त्यांनी तो माझ्याकडून घेतला. "सुरतवाल्याले म्या नवा हात नवता देला. याले देला. परवा पार्सल टाकलं. त्या चारातलाच एक."

बाहेर टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला. सुपडाभाऊ त्या दोन रेघांवरून अंगठा फिरवत होते.

"पाच मिलीचा हाय, मॅडम. उभ्या धाग्याचा. म्याच बनवला, मले माहीत हाय. हा एका झटक्यात नाई मोडत. वाईसमंदी धरून लय वेळ जोर लावा लागला असंल त्याले. हाताले लागलंबी असंल." मग मला विचारल्यासारखं म्हणाले, "तेवढा वेळ तरी तो माह्यासाठीच बसला असंल न?"

त्यांनी तुकडा पुन्हा खिळ्यावर अडकवला, वाकडा लोंबत होता तो बोटानं सरळ केला.

"तुमच्याजवय नंबर हाय त्याचा," ते म्हणाले. "बोलनं झालं तं सांगजा. बाबाले हात मियाला म्हना. मले उंचावरून पडल्यासारखाच वाटला म्हना."

मी मान हलवली आणि टेम्पोत ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले. टेम्पो वळवायला जरा वेळ लागला, आळी अरुंद आहे. तेवढ्यात ते घमेलं घेऊन अंगणात आले. वाकून त्यांनी चिमूटभर माती उचलली, बोटांतून सोडली आणि ती कुठं जाते ते पाहिलं. ती माझ्या तारेकडे गेली. तारेवर काहीच नव्हतं, चिमटेसुद्धा मी काढून घेतले होते. सुपडाभाऊंनी घमेलं उचललं आणि ते अंगणाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसले.